साठ हजार वर्षांची फेरी

उन्हाळ्याच्या रात्री परभणी जिल्ह्यातील मानवतला माळवदावर अंथरूण टाकून तुम्ही आकाश पाहात आहात, अशी कल्पना करा. ताऱ्यांत एक अंधुक, शेपटीवाला पाहुणा दिसतो. तो परत केव्हा येईल, हे तुम्ही कसे सांगाल?

हाच प्रश्न १९४९ साली एका तरुणापुढे आला. तेव्हा मानवतसह सारा मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. त्या राज्याच्या शिष्यवृत्तीवर वेणू बाप्पू हा तरुण अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात शिकायला गेला होता. त्याचे वडील हैदराबादच्या निजामिया वेधशाळेत काम करीत. त्यामुळे दुर्बिणीची ओळख लहानपणीच झालेली. जुलैच्या आरंभी आकाशाचे छायाचित्र घेतलेली एक काच तपासताना त्याला एक अनोळखी खूण दिसली. तो नवा धूमकेतू होता! प्राध्यापक बॉक आणि सहकारी न्यूकर्क यांचा शोधात वाटा असल्याने त्याला ‘बाप्पू-बॉक-न्यूकर्क’ हे नाव मिळाले. त्याला सूर्याभोवती एक फेरी घालायला सुमारे ६०,००० वर्षे लागतात, असे गणिताने निघाले.

तुम्ही म्हणाल, थोडे दिवस दिसलेल्या धूमकेतूचा एवढा मोठा काळ कसा काढला?

हॅलेचे काम त्या मानाने सोपे होते. १५३१, १६०७ आणि १६८२ या वर्षी आलेल्या धूमकेतूंचे मार्ग सारखेच आहेत, हे त्याने ओळखले. तो एकच धूमकेतू सुमारे ७६ वर्षांनी परत येतो, असे त्याने सांगितले आणि १७५८ मध्ये तो आलाही. बाप्पूंच्या धूमकेतूची मागची भेट मात्र कोणी लिहून ठेवलेली नव्हती. अशा वेळी वेगवेगळ्या रात्री ताऱ्यांच्या संदर्भात धूमकेतूची जागा मोजतात. असे तीन चांगले वेध मिळाले, की गुरुत्वाकर्षणाच्या नियमाने कक्षेचे गणित मांडता येते. वेध जितके अधिक, तितके उत्तर पक्के.

यातली अडचण स्वतः पाहा. मोठ्या पुठ्ठ्यावर दोन टाचण्या २० सेंटिमीटर अंतरावर टोचा. २२ सेंटिमीटर दोऱ्याची टोके त्यांना बांधा. दोरा ताणून पेन्सिल फिरवली की लंबवर्तुळ मिळते. पहिली टाचणी म्हणजे सूर्य. आता ती तशीच ठेवून दुसरी त्याच रेषेत ३० सेंटिमीटरवर न्या आणि दोरा ३२ सेंटिमीटरचा घ्या. सूर्याजवळ दोन्ही रेषा जवळजवळ एकच दिसतात. दूरची टोके मात्र १० सेंटिमीटरने वेगळी पडतात. धूमकेतू आपल्याला दिसतो तो सूर्याजवळच. म्हणून वेधातील बारीकशी चूकही हजारो वर्षांचा फरक पाडते. ग्रहांच्या ओढीनेही कक्षा बदलते. ६०,००० हा आकडा अंदाजाचा आहे, तो यामुळेच.

केप्लरचा नियम वापरा : वर्षांचा वर्ग म्हणजे सरासरी अंतराचा घन (पृथ्वी-सूर्य अंतर १ मानून). हॅलेसाठी ७६ चा वर्ग ५,७७६. त्याचे घनमूळ सुमारे १८. बाप्पूंच्या धूमकेतूसाठी हेच उत्तर सुमारे १,५३० येते. त्याचे सर्वांत दूरचे टोक याच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे ३,००० हून अधिक. नेपच्यून ३० वर आहे. धूमकेतू त्याच्या शंभरपट दूर जातो!

पुढे बाप्पूंनी तमिळनाडूत कावलूर येथे वेधशाळा उभारली. आज तिला त्यांचेच नाव आहे. त्यांचा धूमकेतू परत आलेला पाहणे आपल्यापैकी कोणालाच शक्य नाही. पण हॅलेचा धूमकेतू २०६१ मध्ये येणार आहे. तेव्हा वही काढा आणि गणित बरोबर आले का, ते आकाशात ताडून पाहा.