अळ्या काढून झाल्यावर

संपादकांनी पाठवलं होतं तळोज्याला लागून असलेल्या खारघरच्या ॲक्ट्रेकवर लिहायला. टाटा स्मारक केंद्राची ही संशोधन संस्था परळहून २००२ साली इकडे आली. तिचं मूळ डॉ. वसंत खानोलकरांच्या १९५२ च्या कर्करोग संशोधन केंद्रात आहे. खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये धोतराच्या कॅन्सरवर लिहिलं होतं. वर्षानुवर्षं एकाच जागी करकचून बांधलेल्या गाठीखाली कमरेची कातडी काळवंडते, सोलते आणि तिथेच चिघळणारा व्रण होतो.

मी अडकलो मात्र तळोज्याकडच्या एका लहानशा ड्रेसिंगच्या खोलीत, जिथे अशा व्रणांतल्या अळ्या काढतात. व्रण उघडा राहिला की त्यावर माशी बसते. आपल्याकडे ती बहुधा क्रायसोमाया बेझियाना. ती जखमेच्या कडेला शे-दीडशे अंडी घालते. दिवसभरात अळ्या बाहेर येतात आणि जिवंत मांसात डोकं खाली करून शिरतात. त्यांची श्वासाची छिद्रं असतात मागच्या टोकाला, म्हणून तेवढंच टोक वर ठेवून त्या पाच-सात दिवस खात राहतात. अंगावर काटेरी पट्टे असल्याने त्या ओढूनही सहज सुटत नाहीत.

इथल्या सिस्टर याच श्वासाचा उपयोग करतात. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेलं गॉज जखमेवर धरलं की गुदमरलेल्या अळ्या वर येतात. "आजोबा, थोडं झोंबेल हं," म्हणत त्या चिमट्याने एकेक अळी संथपणे ओढतात, कारण झटका दिला तर ती तुटून अर्धी आत राहते. जखम डोळ्याजवळ असेल तर टर्पेंटाइन नाही. मानेवरची असेल तर आणखी सावधपणा, कारण आतली रक्तवाहिनी पोखरलेली असू शकते. सगळ्या अळ्या एका दिवसात निघत नाहीत, खोलवरच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतात. जोडीला वजनानुसार आयव्हरमेक्टिन, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि वासासाठी जखमेवर मेट्रोनिडॅझोलच्या गोळीची पूड. त्या हातांतली शांतता मला फार मोठी वाटली. घरच्यांनी पाठ फिरवलेल्या माणसाच्या तोंडाशी तोंड नेऊन त्या बोलतात.

पण सिस्टरांची खरी काळजी पुढची आहे. त्वचेचा कॅन्सर पुष्कळदा दुखत नाही. जुन्या भाजल्याच्या वणावर उठलेला फोड "बरा होईल" म्हणून वर्षं निघून जातात. नंतर वास येतो, आणि किडे पडणं ही आपल्याकडे शिवी असल्यामुळे माणूस लाजेने जखम फडक्याखाली झाकतो. दवाखान्यात येतो तो अळ्यांना घाबरून. म्हणून अळ्या निघाल्या, वास गेला, की त्याला वाटतं आपण बरे झालो. लहान असतानाच कापून टाकला तर हा कॅन्सर बहुतेकदा पूर्ण जातो. हाडापर्यंत पोचल्यावर तसं होत नाही.

त्यामुळे जखम स्वच्छ होताच, रुग्ण पलंगावर असतानाच, डॉक्टर कडेचा तुकडा बायॉप्सीला काढतात. रिपोर्ट यायला दिवस लागतात आणि तोवर माणूस गावी निघून गेलेला असतो. सिस्टर कागदावर दोन फोन नंबर लिहून घेतात, एक घरचा, एक शेजाऱ्याचा. घरचा पुष्कळदा लागत नाही.