चालू लागले, म्हणजे बरे झाले?

अर्धांगवायूच्या रुग्णाला भेटायला येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो, ‘‘आता चालतात का?’’ काठी टेकीत रुग्ण दारापर्यंत आला की घरदार सुटकेचा निःश्वास टाकते. पण घराची खरी परीक्षा पुष्कळदा तेव्हाच सुरू होते. कारण झटका हातापायांना नव्हे, मेंदूला आलेला असतो. रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते, मेंदूचा काही भाग निकामी होतो आणि त्याच्याकडे सोपवलेले काम थांबते. ते काम हात उचलण्याचेच असते असे नाही.

बोलण्याचेच पाहा. पॅरिसचे शल्यवैद्य पॉल ब्रोका यांच्या एका रुग्णाला ‘टॅन’ एवढाच उच्चार करता येई. इतरांचे बोलणे मात्र त्याला बरेचसे कळे. १८६१ साली त्याच्या मृत्यूनंतर डाव्या मेंदूच्या पुढल्या भागात बिघाड आढळला. शब्द अडले म्हणजे बुद्धी गेली असे नव्हे, हे तेव्हापासून ठाऊक आहे. तरीही अशा माणसादेखत ‘‘यांना आता काही कळत नाही’’ असे आपण सर्रास बोलतो.

उजव्या मेंदूला इजा झाली तर दृष्टी शाबूत असूनही कधी कधी डावीकडचे जगच जाणिवेतून निसटते. ताटातली भाजी-पोळी संपते, डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच राहते. घरच्यांना तो हेकटपणा वाटतो. कुणाला क्षुल्लक कारणाने रडू फुटते, कुणी आंघोळ करूनच थकून जातो. सुमारे तिघांपैकी एकाला नैराश्य गाठते. ‘स्वभाव बदलला’ म्हणून ते सोडून दिले जाते. वास्तविक त्यावर औषधोपचार आहेत.

बँकेच्या नोकरीत मी एक नियम पाहिला. आजारपणामुळे सही करता येत नसेल, तर साक्षीदारांसमोर अंगठा उमटवून खातेदाराला पैसे काढता येतात. सही गेली म्हणून खातेदार गेला, असे बँक मानीत नाही. मग घराने का मानावे?

स्वीडिश कवी तुमास ट्रान्सट्रोमर यांना १९९० मध्ये झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा बहुतांशी गेली. पत्नी मोनिका त्यांचे तुटक बोलणे इतरांना उलगडून सांगत. ते डाव्या हाताने पियानो वाजवीत राहिले, १९९६ मध्ये नवा कवितासंग्रह आला, २०११ मध्ये नोबेल मिळाले. गेलेली वाचा काही पूर्णपणे परतली नाही. पण जगणे थांबले नाही.

मेंदूचे शाबूत भाग सरावाने थोडेफार नवे काम शिकतात. सुधारणेचा वेग पहिल्या काही महिन्यांत अधिक असतो. पुढेही ती होऊ शकते. घरच्यांनी एवढे करावे : बोलताना टीव्ही बंद ठेवावा, एका वेळी एकच प्रश्न विचारावा आणि उत्तराची वाट पाहावी. त्यांचे वाक्य आपण घाईने पुरे करू नये. घरातला निर्णय घेताना त्यांनाही विचारावे. होकार मानेने आला तरी तो त्यांचाच असतो.