जुने 'टेप इको' यंत्र : दुरुस्ती, देखभाल आणि चोख व्यवहार

लाऊडस्पीकर, मंडप आणि रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या धंद्यात असलेल्या आपल्या अनेक बांधवांच्या माळ्यावर जुनी यंत्रे धूळ खात पडलेली असतात. त्यात एखादे टेपवर चालणारे इको मशीन सापडले, तर ते भंगारात घालण्याची घाई करू नये. जपानच्या रोलँड कंपनीचे 'स्पेस इको आरई-२०१' हे यंत्र १९७४ साली बाजारात आले आणि १९९० च्या सुमारास त्याचे उत्पादन थांबले. आज हेच काम छोटे डिजिटल यंत्र करते. तरीही टेपचा आवाज पसंत करणारे संगीतकार व स्टुडिओ जगभर आहेत आणि चालू स्थितीतील जुन्या यंत्राला चांगली किंमत येते. अट एकच, काम जाणकाराने आणि प्रामाणिकपणे केलेले असावे.

यंत्र चालते कसे?

आत पाव इंच रुंदीच्या टेपचे एक वेटोळे सतत फिरत असते. पहिले हेड टेपवरील जुना आवाज पुसते, दुसरे नवा आवाज भरते आणि पुढील हेडे तोच आवाज थोड्या उशिराने ऐकवतात. समजा, टेप सेकंदाला २० सेंटिमीटर धावते आणि दोन हेडांमधील अंतर ४ सेंटिमीटर आहे, तर प्रतिध्वनी ०.२ सेकंदाने येईल. म्हणजे सारा खेळ टेपच्या एकसारख्या चालीवर आणि हेडाच्या स्वच्छतेवर आहे.

दुरुस्तीचा क्रम

१) प्रथम मागची पट्टी वाचावी. जपानी बाजारासाठी बनलेले यंत्र १०० व्होल्टचे असते. ते आपल्या २३० व्होल्टवर थेट लावले तर ट्रान्सफॉर्मर जळतो. अनेक वर्षे बंद असलेले यंत्र पहिल्यांदा सिरीज बल्ब लावूनच चालू करावे. बल्ब प्रखर पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे असे समजावे.

२) हेडे आणि टेप ओढणारा धातूचा दांडा (कॅप्स्टन) आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसावा. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे हे रसायन असतेच. रबरी रोलर मात्र सौम्य साबणाच्या ओल्या फडक्याने पुसून कोरडा करावा. थिनर लावल्यास रबर खराब होते.

३) मोटारच्या बेअरिंगला हलक्या मशीन ऑइलचा एकच थेंब पुरे. रबराला किंवा टेपला तेल लागता कामा नये.

४) टेप झिजणारी वस्तू आहे, ती वेळच्या वेळी बदलावी. कॅसेटची टेप अरुंद असल्याने इथे चालत नाही. जोड तिरका कापून स्प्लायसिंग टेपनेच चिकटवावा. साध्या सेलोटेपचा चिकटा पाझरून हेडावर बसतो.

आवाज हेलकावत असेल तर रोलर, बेअरिंग आणि टेप पाहावी. प्रतिध्वनी मंद येत असेल तर हेड मळलेले किंवा झिजलेले असते. जुना आवाज पुसला जात नसेल तर पुसणारे हेड व त्याचे सर्किट तपासावे.

कोकणातील हवा आणि पूर

आपल्याकडे पावसाळ्यात टेपला बुरशी लागते आणि स्विच गंजतात. म्हणून यंत्र कोरड्या जागी, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावे आणि महिन्यातून एकदा थोडा वेळ चालवावे.

खेडच्या बाजारपेठेला जगबुडीच्या पुराचा अनुभव आहे. जुलै २००५ आणि जुलै २०२१ चे पूर कोणी विसरलेले नाही. पुरात बुडालेले यंत्र उन्हात वाळवले की बाहेरून ठीक दिसते, पण ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांत ओल आणि गाळ राहतो. असे यंत्र धुऊन पूर्ण वाळेपर्यंत वीज जोडू नये. नंतर मेगर लावावा. गळती दिसली तर ट्रान्सफॉर्मर बदलावा. अर्थिंग हवेच. माइक हातात धरणाऱ्या माणसाच्या जिवाचा हा प्रश्न आहे.

ग्राहकाशी व्यवहार

बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतील ओल उघडी करणारा आणि ओला माल वर ठेवण्यास सांगणारा प्रेषित मुहम्मद (स.) यांचा प्रसंग आपल्याला ठाऊक आहे. पुरात भिजलेल्या यंत्राला तो अक्षरशः लागू पडतो. यंत्र पाण्यात गेले होते का, हेड मूळचे की बदललेले, टेप नवी की जुनी, हे सारे बिलावर लिहून द्यावे. काढलेले सुटे भाग ग्राहकाला परत करावेत. दुरुस्तीला आलेली वस्तू ही अमानत आहे.

सुट्या भागांसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि चोर बाजार धुंडाळावा लागतो. पाव इंची नवी टेप आजही परदेशात बनते. त्यामुळे वेळ व खर्च आधी सांगून मगच काम हाती घ्यावे. दोष सांगितल्याने एखादे गिऱ्हाईक जाईलही, पण खेडसारख्या गावात कारागिराचे नाव त्याच्या कामाआधी पोहोचते, आणि हलाल कमाईची बरकत त्या नावातच आहे.