रोजा की आजार?

मगरिबची अजान झाली की मोहन्यातल्या घराघरांत खजूर आणि पाण्याने रोजा सुटतो. आंबिवलीला उशिराच्या लोकलने उतरणाऱ्यांचे ताट झाकून ठेवलेले असते. अशा घरातली पंधरा-सोळा वर्षांची मुलगी सहरीला उठत नाही, इफ्तारला एक खजूर खाऊन ‘पोट भरलं’ म्हणते, तरी एकही रोजा चुकवत नाही. घरचे कौतुक करतात. पण कौतुकाआधी तिच्या ताटाकडे नीट पाहायला हवे.

रोजा नीयतीवर, म्हणजे मनातल्या हेतूवर ठरतो. वजनाच्या भीतीने उपाशी राहणे हा आजार असू शकतो. ॲनोरेक्सियात खाणे तोडले जाते. बुलिमियात भराभर खाऊन नंतर मुद्दाम उलटी काढतात किंवा जुलाबाच्या गोळ्या घेतात. हे आजार मुलग्यांनाही होतात. सततच्या उलट्या-जुलाबांनी शरीरातले पोटॅशियम घटते, हृदयाचे ठोके बिघडतात. अमेरिकेची प्रसिद्ध गायिका कॅरेन कार्पेंटर ॲनोरेक्सियाने हृदय निकामी होऊन १९८३ साली, अवघ्या ३२व्या वर्षी गेली.

या आजारासोबत अनेकदा उदासी येते. काही मुले हातावर ब्लेड मारून घेतात, काही नशेकडे वळतात, काहींच्या मनात जीव देण्याचे विचार येतात. जेवल्याबरोबर बाथरूम गाठणे, सारखे वजन करणे, ढगळ कपड्यांत अंग लपवणे, चक्कर येणे, पाळी बंद होणे या खुणा ओळखा.

पवित्र कुराणात सूरह अल-बकरहमध्ये आजारी माणसाला रोज्यातून सवलत आहे. बरे झाल्यावर ते रोजे पूर्ण करता येतात; ज्याला ते जमणारच नाही, त्याने गरिबाला जेवू घालावे. मनाचा आजार हाही आजारच. तेव्हा डॉक्टरांनी मनाई केली, तर मुलीला ‘गुनाह होईल’ असे घाबरवू नका. शेजारच्या घरातल्या एकादशीला, नवरात्राला किंवा पर्युषणालाही हीच काळजी लागू आहे.

‘जाडी’, ‘काडी’ ही थट्टा आजपासून बंद करा. रागावून घास भरवू नका. एकांतात शांतपणे विचारा, ऐकून घ्या आणि डॉक्टरांकडे न्या. चक्कर, छातीत धडधड असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. जीव देण्याची भाषा ऐकू आली तर मुलाला एकटे सोडू नका. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत सल्ला मिळतो. राहिलेला रोजा ईदनंतरही ठेवता येतो. आधी लेकरू बरे होऊ द्या.