आरोग्यसेवकांचे स्वास्थ्य : लेखांक ४ – पाळीचा हिशेब

वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या परीक्षाकाळातील चिंतेचा परामर्श गेल्या लेखांकात घेतला. पदवी पदरात पडल्यावर त्याच विद्यार्थ्याच्या शिरावर निवासी डॉक्टर म्हणून जो भार येतो, त्याचा विचार आता करू.

उदाहरणार्थ, मुंबईत मुलुंड व भांडुप यांच्या दरम्यान २००६ साली सुरू झालेल्या नाहूर स्थानकावर जलद गाड्या थांबत नाहीत. वसतिगृहात जागा न मिळाल्यामुळे येथे राहून शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात काम करणाऱ्या एखाद्या निवासी डॉक्टराला रात्रपाळी, सकाळचा राउंड आणि वर ओपीडी उरकून परतताना कुर्ल्यापासून भांडुपपर्यंतची एकेक स्थानके धीम्या गाडीनेच ओलांडावी लागणार; आणि हा सारा वेळ हजेरीपटात कोठेच न दिसता त्याच्या झोपेतून वजा होणार, हे उघड आहे.

अशा झिजेची शास्त्रीय चर्चा न्यूयॉर्कचे मानसतज्ज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी १९७४ साली प्रथम केली. पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी तिची तीन अंगे सांगितली : भावनिक थकवा, रुग्णांविषयी येणारी अलिप्त कोरडेपणाची वृत्ती आणि आपल्या हातून काहीच सार्थ घडत नाही ही भावना. यांतील दुसरे अंग विशेष घातक. कारण एरवी कनवाळू असलेला डॉक्टर रुग्णाला नावाऐवजी खाटेच्या क्रमांकाने ओळखू लागतो, आणि हा बदल त्याच्या स्वतःच्या ध्यानात सर्वांत उशिरा येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली या अवस्थेची गणना रोगांत न करता नोकरीतून उद्भवणाऱ्या घटनांत केली, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. कारण जे नोकरीतून उद्भवते त्याचा बंदोबस्तही नोकरीच्या व्यवस्थेतच करावा लागतो.

तसा हुकूम आपल्याकडे नाही असे मात्र नव्हे. केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत सलग १२ तासांहून अधिक काम देऊ नये, कनिष्ठ निवासी डॉक्टरांचा आठवडा सामान्यतः ४८ तासांचा असावा आणि पाळीपाळीने साप्ताहिक सुटी मिळावी, असे स्पष्ट नमूद आहे. तथापि ‘कामाच्या निकडीनुसार’ ही जी सवलत सुटीच्या कलमाला जोडलेली आहे, तिचाच पुढे शिरस्ता झाला. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिगटाने २०२४ साली आठवड्याची कमाल मर्यादा ७४ तास सुचविली : एक पाळी २४ तासांची, पाच दिवस प्रत्येकी १० तास आणि एक दिवस सुटी. १९९२ च्या कागदी ४८ वरून शिफारस ७४ वर आली, यावरून वस्तुस्थिती किती पुढे गेली असावी याचा अंदाज बांधता येतो.

म्हणून योगवर्ग, व्याख्याने, समुपदेशन यांचे मोल मान्य करूनही प्रतिबंधाचा आरंभ पाळीच्या तक्त्यापासूनच झाला पाहिजे. युनिटप्रमुखाने रात्रपाळीनंतरची सुटी कागदावर व प्रत्यक्षात सारखीच राखावी, रुग्णांची सोपवणूक लेखी व्हावी, कारकुनी कामे कारकुनाकडे जावीत आणि रजेची अर्जी म्हणजे कामचुकारपणाची कबुली असे कोणी समजू नये. डॉक्टरानेही झोप उडणे, चिडचीड, रुग्ण नकोसे वाटणे ही लक्षणे सहकाऱ्यापाशी वेळीच बोलून दाखवावीत. टेलिमानसची १४४१६ ही शासकीय दूरध्वनीसेवा त्यालाही तितकीच खुली आहे. जेथे निम्मी पदे रिकामी ठेवून उरलेल्यांकडून पुरते काम घेतले जाते, तेथे सहनशीलतेचे धडे देणे म्हणजे व्यवस्थेची जबाबदारी थकलेल्या माणसाच्या खात्यावर मांडणे होय.

पुढील लेखांकात परिचारिकांच्या पाळ्यांचा विचार करू.