जाड ऑइलनं बेअरिंगचा ठोका जात नाही

बोदवड, जामनेर, मलकापूर या पट्ट्यात पंधरा-वीस वर्षं चाललेल्या डिझेल जीपा आणि ट्रॅक्टर अजूनही रोज कामावर असतात. कापसाच्या हंगामात माल भरून चाललेल्या अशा गाडीचं इंजिन तापलं, ऑइलचा काटा खाली बसला आणि आतून ठोका येऊ लागला, की सल्ला ठरलेला: "जाड ऑइल टाका, आवाज बंद होईल." हा सल्ला चुकीचा आहे. स्वस्तात सुटणारं दुखणं त्यामुळे क्रँक खराब होईपर्यंत लांबतं, म्हणून तो पुन्हा पुन्हा खोडून काढावा लागतो.

ऑइल पंप दाब तयार करत नाही, तो फक्त ऑइल पुढे ढकलतो. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीतून बाहेर पडताना त्या ऑइलला अडथळा होतो आणि तो अडथळाच मीटरवर दाब म्हणून दिसतो. बेअरिंग झिजलं की फट वाढते, आणि तिच्यातून निसटणारं ऑइल साधारणपणे फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. म्हणजे फट दुप्पट झाली तर गळती आठपट. आता जाड ऑइलनं काय मिळतं ते पाहू. ऑइलचे नंबर ज्या एसएई जे-300 मानकावरून ठरतात, त्यानुसार 100 अंश सेल्सिअसला 40 नंबरच्या ऑइलचा दाटपणा 12.5 ते 16.3 सेंटिस्टोक असतो आणि 50 नंबरचा 16.3 ते 21.9. दोन्हींचे मधले आकडे धरले तर वाढ जेमतेम एक-तृतीयांश भरते. गळती आठपट आणि तिच्यावरचा उपाय दीडपटही नाही! काटा थोडा वर येईल, पण झिजून गेलेला धातू परत येणार नाही.

यावर म्हणतात, "पण आवाज खरंच कमी होतो." होतो, हे मान्य करायला हवं. जाड थर ठोक्याचा मार थोडा झेलतो. मात्र फट तेवढीच राहते आणि धोक्याची सूचना तेवढी दबते. शिवाय थंडीतल्या पहाटे जाड ऑइल वरच्या टॅपेटपर्यंत पोचायला जास्त वेळ घेतं आणि तेवढा वेळ धातूवर धातू घासतो. दुसरा मुद्दा खानदेशच्या उन्हाचा. मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो, म्हणून इथं जाडच ऑइल हवं, असं म्हणतात. पण इंजिनाचं पाणी थर्मोस्टॅट ठरावीक तापमानाला राखतो. कूलिंग नीट असेल तर हिवाळा-उन्हाळ्यात आतल्या ऑइलच्या तापमानात बाहेरच्या हवेइतका फरक पडत नाही. गाडीच्या पुस्तकातल्या तक्त्यात 20डब्ल्यू-50 दिलं असेल तर खुशाल घालावं. तक्रार आहे ती दुखणं झाकायला ऑइल बदलण्याबद्दल.

दुखणं शोधायचं तर इंजिन खोलण्याआधी मीटरवरच संशय घ्यावा. ऑइलचा सेन्सर काढून त्या जागी हातातला गेज लावायचा, इंजिन पुरतं तापू द्यायचं आणि आयडलला व रेसवर आकडा घेऊन पुस्तकाशी ताडायचा. हजार फेऱ्यांमागे 10 पीएसआय हा ठोकताळा झाला, अंतिम आकडा पुस्तकाचाच. मग डिपस्टिक. पातळी घटण्याऐवजी वाढत असेल आणि ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर फीड पंप किंवा इंजेक्टरमधून डिझेल उतरतंय. ऑइल त्यानं पातळ होतं आणि बेअरिंग धडधाकट असूनही दाब पडतो. "ऑइल कमी होत नाही, म्हणजे इंजिन ठणठणीत" हे म्हणूनच खरं नाही. त्यानंतर इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर उतरवून पंपाची जाळी आणि रिलीफ व्हॉल्व्ह पाहावा.

आवाजही बरंच सांगतो. टॅपेटची टकटक वरून येते आणि क्रँकच्या निम्म्या वेगानं पडते, कारण कॅमशाफ्ट निम्म्या वेगानं फिरतो. कनेक्टिंग बेअरिंगचा ठोका खालून येतो आणि इंजिन तापेल तसा वाढतो. पिस्टनची खडखड बहुधा थंड इंजिनात जास्त असते. जुन्या पंपाच्या डिझेलमध्ये एकेका इंजेक्टरचा पाइप ढिला करून कुठल्या सिलिंडरवर ठोका कमी होतो ते कळतं. इंजेक्टर खराब असला तरी असाच फरक पडतो, म्हणून काळा धूर आहे का तेही बघावं. फवाऱ्यापुढे हात नको, तो कातडीत घुसतो. कॉमन रेलच्या गाडीत तर हा प्रयोग करूच नये. सर्वांत भरवशाचा पुरावा मात्र जुन्या फिल्टरमध्ये सापडतो. तो कापून आतला कागद उन्हात पसरावा. चुंबकाला चिकटणारे कण लोखंडाचे. न चिकटणारे तांबूस चमचमते कण दिसले, तर बेअरिंगचा वरचा थर जाऊन खालचा तांब्याचा उघडा पडला आहे. तेव्हा थांबलं तर बऱ्याचदा क्रँक ग्राइंड करून 0.25 अंडरसाइज बेअरिंगवर भागतं.

आणखी काही गैरसमज. डिझेलचं ऑइल लवकर काळं पडतं ते खराब झालं म्हणून नव्हे, काजळी पोटात धरून ठेवतं म्हणून. नवा पंप बसवून झिजलेल्या बेअरिंगची फट बुजत नाही. आणि ऑइलच्या दाबाची बत्ती विझलेली आहे म्हणून दाब पुरेसा आहे, असं समजू नये. बहुतेक गाड्यांत ती दाब अगदी तळाला, साधारण अर्ध्या बारच्या आत, गेल्यावरच पेटते. चालत्या गाडीत ती पेटली तर गाव दोन किलोमीटरवर असलं तरी चावी तिथंच बंद करावी आणि गाडी ओढून आणावी.