खर्जाचा जुना बाजार

वापरलेली वस्तू विकत घेणारा मनुष्य एकाच वेळी दोन गोष्टींचे पैसे मोजत असतो. एक ती वस्तू, आणि दुसरा तिच्याविषयी विकणाऱ्याने दिलेला शब्द. नव्या वस्तूच्या पाठीशी कारखान्याचे नाव आणि दुकानाची पावती असते. जुन्या वस्तूच्या पाठीशी पुष्कळदा शब्दाखेरीज काहीच नसते. हा शब्द कसा पारखावा, याचे एक चांगले उदाहरण जुन्या बेस गिटारी आणि त्यांचे ॲम्प्लिफायर यांच्या व्यवहारात सापडते. या वाद्याचे आयुष्य जेमतेम पाऊण शतकाचे. पण तेवढ्या अवधीत हत्यार म्हणून जन्मलेले वाद्य ठेव म्हणून तिजोरीत कसे जाऊन बसले, हे पाहण्याजोगे आहे.

पाश्चात्त्य वाद्यवृंदात खर्जाचे काम पूर्वी डबल बेस या पुरुषभर उंचीच्या वाद्याकडे असे. ते मोटारीत मावत नसे, आणि तुताऱ्या व ढोल जोरात वाजू लागले की त्याचा आवाज कोणाच्या कानी पडत नसे. अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतातील फुलर्टन या गावी लिओ फेंडर नावाचे एक गृहस्थ रेडिओदुरुस्तीचे दुकान चालवीत. त्यांना स्वतःला गिटार वाजविता येत नव्हती. परंतु वादकांच्या तक्रारी ऐकून घेण्याची त्यांना सवय होती. १९५१ साली त्यांनी ‘प्रिसिजन बेस’ हे वाद्य बाजारात आणले. भरीव लाकडाचे अंग, चार जाड तारा, तारांखाली त्यांची कंपने टिपणारे चुंबकीय पिकअप, आणि सतारीप्रमाणे दांडीवर पडदे. पडद्यांमुळे बोट नेमके पडो वा थोडे मागे पडो, स्वर अचूक निघे. नावातील ‘प्रिसिजन’चा अर्थ तोच. घोडीपासून माथ्यापर्यंत वाजत्या तारेची लांबी ३४ इंच, आणि सर्वांत खालच्या तारेची आंदोलने सेकंदाला सुमारे ४१. किंमत २०० डॉलरच्या आसपास होती. १९६० साली त्याच कारखान्यातून दोन पिकअपचा, अरुंद दांडीचा ‘जॅझ बेस’ आला. ही दोन्ही वाद्ये कारखान्यात यंत्रांवर कापलेली आणि स्क्रूंनी जोडलेली होती. मोडलेला भाग काढून दुसरा बसविता यावा, ही त्यांमागची कल्पना.

पुढे १९६५ च्या आरंभी फेंडरांनी आपला उद्योग सीबीएस या नभोवाणी व चित्रवाणीच्या बड्या कंपनीस १ कोटी ३० लक्ष डॉलरना विकला. उत्पादन वाढले, आणि कारागिरी उतरली अशी कुरकुर वादकांत सुरू झाली. ती प्रत्येक वाद्याच्या बाबतीत खरी होती असे नव्हे; त्या काळातीलही उत्तम वाद्ये आढळतात. परंतु बाजाराला मधली रेघ हवी असते, आणि ती १९६५ वर ओढली गेली. त्या आधीचे वाद्य ‘प्री-सीबीएस’ ठरले आणि त्याला आज हजारो डॉलर पडतात. वर्षाला असे मोल आल्याबरोबर वर्ष खोटे सांगण्याचा मोहही आला.

म्हणून जाणता गिऱ्हाईक प्रथम वाद्याचे वय तपासतो. अनुक्रमांक पाहणे सोपे असते, पण जुन्या फेंडर वाद्यांवर तो पाठीमागच्या धातूच्या पट्टीवर कोरलेला असे, आणि पट्टी चार स्क्रू काढले की दुसऱ्या वाद्यावर जाते. अधिक विश्वासू साक्षीदार आत दडलेले असतात. दांडी सुटी केली तर तिच्या बुडाशी पुष्कळदा तारीख आढळते. आवाज कमीजास्त करण्याच्या बटणाखालील विद्युत्-भागावरही आकडे असतात. त्यांतील १३७ हा आरंभ सीटीएस या उत्पादकाची खूण. पुढे ६६३३ असेल, तर तो भाग १९६६ च्या तेहतिसाव्या आठवड्यात तयार झाला. कोणतेही वाद्य आपल्या भागांहून जुने असू शकत नाही. मूळचाच म्हणून दाखविलेला तो भाग १९६६ चा निघाला, तर १९६३ चे म्हणून सांगितलेले वाद्य तेथेच उघडे पडते. अर्थात तो भाग मागाहून बदललेलाही असू शकतो, आणि म्हणून मूळची झाळ उकलून पुन्हा लावली आहे काय, हेही पाहावे लागते. एका खुणेवर निकाल देऊ नये. चार खुणा एकमुखाने बोलल्या तरच विश्वास ठेवावा.

येथे या बाजारातील एक विसंगती नजरेस येते. वाद्य जितके वाजते तितके त्याचे पडदे झिजतात, रंग उडतो, खुंट्या ढिल्या होतात. वादक झिजलेले पडदे बदलून घेतो, आणि वाद्य पूर्वीपेक्षा चांगले वाजू लागते. संग्राहकाच्या लेखी मात्र तेच वाद्य ‘मूळ’ राहत नाही. नवा रंग दिलेल्या जुन्या वाद्याची किंमत मूळ रंगाच्या वाद्याच्या निम्मी धरण्याचा प्रघातच आहे. म्हणजे जे वाद्य पेटीत निजून राहिले त्याला बक्षीस, आणि ज्याने रात्री जागवल्या त्याला दंड! ज्याला वाद्य वाजवावयाचे आहे त्याने ही विसंगती आपल्या पथ्यावर पाडून घ्यावी. रंग बदललेले, खुंट्या नव्या बसविलेले, पण दांडीने सरळ असलेले वाद्य त्याला कमी किमतीत मिळू शकते, आणि सुरांच्या दृष्टीने त्यात काहीच उणे नसते. मात्र विकणाऱ्याने हे बदल आपण होऊन सांगितले पाहिजेत.

वाजवावयाच्या वाद्याची परीक्षा दांडीपासून सुरू होते. वाद्य डोळ्यासमोर धरून बाणाप्रमाणे तिच्या कडेने पाहावे. चार जाड तारांचा ताण मोठा असतो. तो तोलण्यासाठी दांडीच्या पोटात एक पोलादी सळई असते व तिच्या टोकाच्या नटाने दांडीचा बाक कमीजास्त करता येतो. तार पहिल्या व शेवटच्या पडद्यावर एकदम दाबली असता मध्यभागी जाड कागदाइतकी फट राहावी. फट फार असून नट शेवटपर्यंत आवळलेला असेल, तर सळईची शक्ती संपली असे समजावे. दांडीला पीळ पडला असेल तर तो या नटाने निघत नाही. असे वाद्य सोडलेलेच बरे. मग प्रत्येक पडद्यावरील स्वर वाजवून पाहावा, बाराव्या पडद्यावरील स्वर मोकळ्या तारेच्या बरोबर दुप्पट उंचीचा येतो की नाही हे पाहावे, आणि माथा व दांडी यांच्या सांध्याजवळ बारीक भेग शोधावी. मुंबई, कोकण व गोवा येथील पावसाळी हवेत लाकूड ओल पिते व स्क्रू गंजतात. तेथील वाद्य घेताना हे निरीक्षण दुप्पट काळजीने करावे.

बेस गिटारीला ॲम्प्लिफायरवाचून वाचा नाही. पहिल्या प्रिसिजनसाठी फेंडरांनी १९५२ साली ‘बेसमन’ हे यंत्र काढले. त्याच्याच पुढच्या आवृत्तीचा नमुना समोर ठेवून लंडनच्या जिम मार्शल यांनी १९६२ च्या सुमारास आपला पहिला ॲम्प्लिफायर बांधला. १९६९ साली अँपेग कंपनीने ३०० वॅट शक्तीचा, चौदा व्हॉल्व्हचा ‘एसव्हीटी’ आणला. त्यातील मुख्य यंत्रच ३५ ते ४० किलोंच्या घरात जाई, आणि आठ स्पीकरांची पेटी त्याहूनही जड. आज तेवढी शक्ती देणारी यंत्रे दोनतीन किलोंत मिळतात. त्यामुळे एक नवलाची गोष्ट घडली. जुन्या बेस गिटारी महाग होत असताना जुने, वजनदार ॲम्प्लिफायर, काही नामांकित नमुने सोडले तर, स्वस्त झाले. जिने चढून ते कोण नेणार, हा प्रश्न किमतीतून वजा होतो! ज्याच्याजवळ तळमजल्याची खोली व दोन बळकट मित्र आहेत, त्याला येथे संधी आहे.

या यंत्राची परीक्षा निराळी. ते चालू करून निदान अर्धा तास तापू द्यावे, कारण कित्येक दोष यंत्र गरम झाल्यावरच तोंड वर काढतात. काहीही न वाजवता मोठी घरघर येत असेल तर आतील कंडेन्सर सुकले असण्याचा संभव असतो. वीस-तीस वर्षांत ते निकामी होतात व बदलावे लागतात. व्हॉल्व्हवर पेन्सिलीने हळूच टिचकी मारली असता स्पीकरमधून घंटेसारखा नाद आला, तर तो व्हॉल्व्ह बदलावा. स्पीकरचा कागदी शंकू फाटलेला नाही ना, हे दिवा धरून पाहावे. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर स्पीकर न जोडता कधीही चालू करू नये. त्याचा ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आणि ज्याला ते काम अवगत नाही त्याने यंत्र उघडू नये. वीज बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये शेकडो व्होल्टचा दाब टिकून राहतो, आणि तो प्राणावर बेततो. अमेरिकेहून आलेले यंत्र बहुधा १२० व्होल्टचे असते, भारतातील वीज २३० व्होल्टची. मधे योग्य ट्रान्सफॉर्मर नसेल तर सौद्याचा शेवट पहिल्याच सायंकाळी धुरात होतो.

परदेशातून वाद्य मागविणाऱ्याने कायद्याचीही माहिती ठेवावी. साठाव्या दशकाच्या पूर्वार्धातील पुष्कळ फेंडर वाद्यांच्या दांडीवर ब्राझिली शिसवाची पट्टी आहे; त्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ पासून कडक निर्बंध आहेत. पुढे कारखान्याने भारतीय शिसव वापरण्यास आरंभ केला, म्हणजे सह्याद्रीतही वाढणारा आपला शिसवच. त्यावरही २०१७ मध्ये परवान्याचे बंधन आले. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्ये त्यातून वगळण्यात आली, ब्राझिली शिसवाची मात्र नाहीत. हे न जाणता मागविलेले वाद्य जकातीवर अडकून पडू शकते.

या साऱ्या परीक्षांनंतरही एक प्रश्न उरतो, आणि तो सर्वांत मोठा आहे: हे वाद्य विकणाऱ्याचे आहे काय? डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांना खर्ज देणारे जेम्स जेमर्सन यांचे १९६२ चे प्रिसिजन १९८३ साली, त्यांच्या मृत्यूच्या थोडे आधी, चोरीस गेले. पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ मध्ये हँबुर्ग येथे सुमारे ३० पौंडांना घेतलेले होफ्नर वाद्य १९७२ साली लंडनमध्ये एका गाडीतून चोरीस गेले. एक्कावन्न वर्षांनी, जाहीर शोध घेतल्यावर, ते एका घराच्या माळ्यावर सापडले, आणि ते परत मिळाल्याची बातमी फेब्रुवारी १९२४ नव्हे, २०२४ मध्ये जगाला कळली. इतका काळ ते गप्प बसले होते की शतक चुकावे. चोरीची वाद्ये अशी हातोहात फिरतात, कारण घेणारा कमी किमतीच्या आनंदात प्रश्न विचारावयाचे विसरतो. प्रसिद्ध वादकाच्या वाद्यासाठी जग शोध घेते. लग्नसमारंभात वाजवून पोट भरणाऱ्याचे वाद्य गेले, तर त्याची रोजी जाते आणि कोठे बातमीही येत नाही.

म्हणून या व्यवहाराची रीत साधी ठेवावी. विकणाऱ्याने अनुक्रमांकासह लेखी पावती द्यावी, बदललेल्या भागांची यादी तीत लिहावी, आणि दोष प्रथम सांगून गुण मागाहून सांगावेत. घेणाऱ्याने वाद्य प्रत्यक्ष वाजवून पाहावे, जुनी पावती वा जुने छायाचित्र मागावे, आणि अंधाऱ्या कोपऱ्यात उरकू पाहणाऱ्या स्वस्त सौद्याकडे पाठ फिरवावी. ज्याच्या हाती आज वाद्य आहे तो त्याचा अखेरचा धनी नव्हे. दहा वर्षांनी तोच विक्रेता होईल, आणि आज घेतलेली पावती त्या दिवशी त्याचा शब्द राखील. खर्ज मैफलीत कोणाला वेगळा ऐकू येत नाही, पण तो हलला की सारे गाणे हलते. जुन्या बाजारात प्रामाणिकपणाचे स्थान तेच आहे.